दगडूचा श्रावण

गोदाकाकूंनी एकदा पाणी घातलेल्या दुधावरून गवळ्याला असं झापलं होतं, की त्याची म्हैस पुढे आठ दिवस धार काढली की ताकच देत होती. गवळी स्वतः शपथेवर सांगायचा. त्यामुळे काकूंच्या घरात सगळे दबकून वागत. सगळे म्हणजे दोघंच, मुलगा हरिहर आणि सून वासंती.

हरिहर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कारकून होता. त्रेपन्न सालच्या आषाढात एका संध्याकाळी तो घरी आला तो एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात भोकं पाडलेलं बुटांचं खोकं घेऊन.

"काय आहे त्यात?" काकूंनी विचारलं.

"गिनिपिग, आई."

"म्हणजे?"

"उंदरासारखाच असतो. नाव तेवढं साहेबांनी उगाच डुकराचं ठेवलंय."

"डुक्कर? माझ्या घरात? अरे हऱ्या, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"कान फाटका म्हणून त्याला बाद केला, आई. मी आणला नसता तर मारून टाकणार होते."

काकूंनी खोक्यात डोकावलं. पांढरा-तपकिरी, बिनशेपटीचा, डावा कान फाटलेला एक गोळा कोपऱ्यात बसला होता. हलेना, डुलेना.

"बसलाय बघा कसा दगडासारखा. दगडू मेला!" काकू फणकारल्या, आणि तेच त्याचं बारसं झालं.

पहिले चार-पाच दिवस दगडूची चंगळ होती. वासंती माठाची भाजी निवडायला बसली की देठ त्याच्यापुढे टाकायची. पुढे पुढे तर जुडीची सुतळी सोडल्याचा आवाज आला तरी तो खोक्याच्या काठावर पुढचे पाय टेकून "वीऽऽक वीऽऽक" अशी शिट्टी मारायचा. त्या शिट्टीला फसून एक मालगाडी अर्धा तास स्टेशनाबाहेर उभी राहिली होती, असं समोरच्या रंगूबाई सांगत. काकू म्हणायच्या, "कान फुटले माझे." पण दुपारी कुणी नसलं की स्वतःच एक देठ नेऊन पुढे धरायच्या आणि त्याच्यावर डाफरायच्या, "हळू खा, कोण पळवून नेतंय?"

मग श्रावण लागला.

श्रावणात पालेभाजी वर्ज्य. हा नियम गोदाकाकू सासरी आल्यापासून बेचाळीस वर्षं पाळत होत्या. आमटीवर कोथिंबीर नाही, फोडणीत कढीलिंब नाही. देवाला वाहायची पत्री तेवढी उंबरा ओलांडायची, ती देवाचीच. भाजीवाली रखमाबाई तर श्रावणभर त्यांच्या दारावरून जाताना पाटीवर फडकं ओढून घ्यायची.

पहिल्याच दिवशी वासंती चाचरत म्हणाली, "आई, दगडूला काय घालायचं?"

"दूधभात. पोळी. भिजवलेले हरभरे. या घरात राहायचं तर या घरासारखं राहायचं."

"बाहेरचं गवत उपटून आणू?"

यावर समोरच्या ओटीवरून रंगूबाईच बोलल्या. "ओलं गवत? नको गं बाई! माझ्या भावाच्या शेळीनं पावसातलं गवत खाल्लं आणि फुगून अशी फुटली, की अर्धी शेळी कौलांवर गेली."

झालं. गवळ्याकडून भाताचा वाळका पेंढा आला. वासंतीनं हरिहरकडे पाहिलं, हरिहरनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आठवडाभर दगडूनं भिजलेले हरभरे कुरतडले. दुसऱ्या आठवड्यात शिट्टी बंद झाली. अंगावरचे केस जुन्या कुंच्यासारखे उभे राहिले. काकूंना राग आला. साजूक तुपाचा हात लावलेली पोळी पुढे असताना तोंड फिरवतो म्हणजे काय?

"नखरे बघा! प्रयोगशाळेत काय बासुंदी मिळत होती रे तुला?"

तिसऱ्या आठवड्यात तो मागचे पाय ओढत चालायला लागला. एका सकाळी काकूंनी त्याला उचलायला हात लावला, तर तो असा किंचाळला की त्यांच्या हातातली वाटी पडली. मागचे गुडघे सुपारीएवढे सुजले होते. वाटीतल्या दूधभाताकडे त्यांचं लक्ष गेलं. भाताला लाल डाग होते. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"हऱ्या! रजा टाक आज. ठाण्याला जायचंय."

"ठाण्याला? कशाला?"

"खोपटला गुरांचे डॉक्टर राहतात ना, त्यांच्याकडे. बघतोस काय? टोपली आण!"

टोपलीत जुनं धोतर अंथरून, वर फडकं बांधून ती दोघं निघाली. स्टेशनावर तिकीट तपासनिसानं विचारलं, "काय आहे हो टोपलीत?"

"माझं डोकं!" काकू म्हणाल्या. त्यानं घाईघाईनं पुढच्या माणसाचं तिकीट मागितलं.

गुरांच्या डॉक्टरांच्या अंगणात एक लंगडा बैल आणि दोन म्हशी बांधलेल्या होत्या. डॉक्टर म्हातारे, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. त्यांनी दगडूला तळहातावर घेतलं, बोटानं ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, गुडघे चाचपले.

"हिरवं काय घालता याला?"

"श्रावण चालू आहे," काकू म्हणाल्या.

"श्रावण तुमचा, बाई. याला काय घालता?"

"दूधभात. तुपाची पोळी. माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही, डॉक्टर!"

"पोट भरलंय हो त्याचं, पण अंग वाळतंय. हिरव्या पाल्यात, लिंबात, पेरूत एक जीवनसत्त्व असतं. गाय-म्हैस ते आपल्या अंगात तयार करते. माणसाला येत नाही, माकडाला येत नाही आणि या पठ्ठ्यालाही येत नाही. रोज खाल्लं तरच मिळतं. तुम्ही पाला खात नसलात तरी आमटीत आमसूल घालता, पानात लिंबाची फोड घेता. याला काय मिळालं? वाळका पेंढा. याचे दात सारखे वाढतात, ते झिजायला पेंढा हवाच, पण नुसत्या पेंढ्यानं हा आणखी चार दिवस काढणार नाही."

काकूंचा चेहरा लाल झाला. "हे आम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"जिथून आणलात, तिथं कुणी सांगितलं नाही?"

हरिहर आपल्या चपलांकडे बघत होता.

"हऱ्या?"

"सांगितलं होतं. आमच्याकडे विश्राम म्हणून जनावरं सांभाळतो, त्यानं बजावलं होतं. रोज कोबीची पानं, लसूणघासाचा हिरवा चारा. एक दिवस चुकवू नका म्हणाला."

"मग?"

"आई, तुझा श्रावण..."

"माझा श्रावण काय?"

"तुला सांगणार कोण? वासंती मला म्हणाली, तुम्ही सांगा. मी तिला म्हणालो, तू सांग."

काकू उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी दगडूला जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

"म्हणजे घोड्याएवढी दोन माणसं तीन आठवडे एकमेकांकडे बघत बसलात? त्याच्या तोंडातून रक्त यायला लागलं तरी? मी काय वाघीण आहे? खाल्लं असतं का तुला?"

"ओरडली असतीस."

"ओरडलेच असते! ओरडण्यानं कुणी मरत नाही रे, गाढवा! हा मरतोय, बघ!"

बाहेरचा लंगडा बैल घाबरून चारही पाय नीट टेकून उभा राहिला म्हणतात.

परतीच्या वाटेवर काकू फडक्याखाली हात घालून दगडूच्या पाठीवर दोन बोटं ठेवून बसल्या होत्या. श्वास चालू आहे ना, एवढंच बघत.

गल्लीच्या तोंडाशी रखमाबाई भेटली. काकूंना पाहताच तिनं सवयीनं पाटीवर फडकं ओढलं.

"काढ ते."

"काकू, सरावण हाय ना तुमचा?"

"काढ म्हणते ना! कोथिंबीर दे, माठ दे. दोन पेरू दे पिकलेले, आणि लिंबं."

रंगूबाई ओटीवरून खालीच उतरल्या. "अगं बाई! गोदाकाकू? श्रावणात कोथिंबीर? बेचाळीस वर्षांचा नेम ना तुमचा?"

"नेम माझा आहे. माझ्या जिभेचा आहे. उंदराच्या गळ्यात तो मी बांधला, ते माझं चुकलं." काकूंचा आवाज चिरकला, म्हणून त्यांनी तो आणखी चढवला. "आणि तुमच्या भावाची शेळी, रंगूबाई! ती मागच्या वर्षी विहिरीत पडली होती. त्याच्या आदल्या वर्षी तिच्यावर वीज पडली होती. एक शेळी किती वेळा मरते हो?"

रंगूबाई पुन्हा ओटीवर चढल्या.

घरात शिरल्या शिरल्या काकूंनी माळ्यावरून बोंडलं काढायला लावलं. ह्याच चोचीच्या वाटीनं त्यांनी हरिहरला तान्हेपणी दूध पाजलं होतं. पेरूचा गर पाण्यात कुस्करून, गाळून, त्यात चार थेंब लिंबू पिळून, त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या. दगडू तोंड उघडेना. बोंडल्याची चोच ओठाच्या कडेला लावून त्यांनी एक थेंब सोडला. थांबल्या. मग दुसरा.

"गीळ. गीळ म्हणते ना. मला राग आणू नकोस."

तासातासानं हेच चाललं. दुसऱ्या दिवशी तेच. सोमवारी शंकराला बेल वाहताना मध्येच उठून त्या खोक्यापाशी गेल्या. वासंती कोथिंबिरीची कोवळी पानं खुडून द्यायची, काकू ती त्याच्या नाकाशी धरून बसायच्या. स्वतः तोंडात एक पान घातलं नाही. हरिहरशी बोलणं बंदच होतं. ताटात जे पडेल ते तो मुकाट्यानं खात होता.

तिसऱ्या दिवशी दगडूनं जिभेनं थेंब चाटला. चौथ्या दिवशी पान ओढलं, चावता येईना म्हणून सोडलं, पुन्हा ओढलं आणि देठापर्यंत संपवलं.

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि तिथूनच हाक मारली, "हऱ्या!"

हरिहर दारात येऊन उभा राहिला.

"उद्यापासून कामावर जायच्या आधी लसूणघास आणायचा. तबेल्यावर मिळतो, मी गवळ्याशी बोलले आहे."

"आणतो."

"आणि तो विश्राम आणखी काय म्हणाला होता?"

हरिहर घुटमळला.

"बोल!"

"म्हणाला होता, याला एकट्याला ठेवू नका. जोडीला आणखी एक हवा. नाहीतर झुरतो."

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की वासंतीनं हळूच चुलीवरचं दूध खाली उतरवलं.

"आणखी एक? म्हणजे माझ्या घरात दोन-दोन डुकरं?"

"हो, आई."

"आणि हे तू मला आज सांगतोस? महिनाभरानं?" त्यांनी हातातली कोथिंबिरीची जुडी त्याला फेकून मारली. "कधी आणणार आहेस?"