पापण्या का वाढल्या?

शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या उषाताईंना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली. खोकला कमी झाला, पण काही आठवड्यांतच चेहरा लालबुंद फोडांनी भरला.

"या वयात मुहांसे!" आरशात बघून त्या हसल्या.

श्रीधररावांना, त्यांच्या नवऱ्याला, काही हसू आलं नाही. राम घाटावर एका बाईनं "माताजी, छूत की बीमारी तो नहीं?" म्हणत आपल्या मुलीला मागे ओढलं, त्या दिवशी घरी येताच ते म्हणाले, "बंद कर ती गोळी. सूट होत नाहीये तुला."

उषाताईंनी ऐकलं. फोड सुकायला लागले. पापण्या मात्र गोळी चालू असताना लांब, जाड, कुरळ्या झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. चष्म्याच्या काचेला घासायच्या. त्यातला एक केस तर आत वळून डोळ्यात टोचायचा. कॅन्सरच्या औषधानं केस गळतात असं सगळे सांगायचे, मग हे वाढले कसे? त्यांना चैन पडेना.

"अहो, चला, फ्रीगंजला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टर केतकीनं पापणीचा टोचणारा केस अलगद काढला.

"काकू, वाढायचा जो इशारा तुमच्या गाठीला मिळतो, तोच त्वचेला आणि केसांच्या मुळांनाही मिळतो. गोळी तो अडवते. त्वचा बिथरते, आणि पापणीला कुठे थांबायचं ते कळत नाही."

"म्हणजे गोळी नको तिथेही पोचतेय. हवं तिथे पोचतेय का?"

"ते चेहऱ्यावरून नाही सांगता येणार, स्कॅनमध्ये दिसेल. गोळी चालू आहे ना?"

उषाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मीच बंद करायला लावली," श्रीधरराव खालच्या आवाजात म्हणाले.

केतकीनं तिथूनच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सल्ल्यानं गोळी पुन्हा सुरू झाली. सोबत फोडांसाठी मलम आणि औषध, उन्हात जाताना क्रीम. फोड परत आले, पण सोसवतील इतकेच. घाटावर कुणी टक लावून बघितलं तर श्रीधरराव आपणहून सांगायचे, "दवाई का असर है, छूत नहीं."

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान दिसली. श्रीधरराव रिपोर्ट हातात धरून तिथेच दवाखान्यातल्या बाकावर बसले आणि रडले.

उषाताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि केतकीला फोन लावला. "गाठ लहान झाली गं! आणि एक विचारायचं राहिलं. पापण्या वाढल्या, मग डोक्यावरचे केस का नाही वाढले?"