न हललेला ठिपका

ऑफिसात तिला सगळे भिंगवाली म्हणत. विमानातून काढलेले फोटो दोन भिंगांच्या यंत्राखाली धरायचे आणि कुठे कोणता खडक आहे ते पेन्सिलीने लिहायचं, हे तिचं काम. काळा, पायऱ्यापायऱ्यांचा तो बसाल्ट. गोल धोंड्यांचा ग्रॅनाइट. खळग्यांनी भरलेला चुनखडक. खडकांशी तिचं छान जमायचं. जेवायला एकटीच का बसतेस, असं ते विचारत नसत.

आई गेल्यापासून ती गावी फिरकली नव्हती. आईशिवायचं घर तिला बघवणार नव्हतं, खरं कारण एवढंच. फोनवर बाबा म्हणायचे, "मी मजेत! माणसांची नुसती रीघ असते. तुझं काय?"

"मैत्रिणी जीव खातात नुसत्या," तीही ठोकून द्यायची.

त्या दिवशी टेबलावर नेमका तिच्याच गावाचा पट्टा आला. विमान तिथून एकदा सकाळी, एकदा दुपारी गेलं होतं. तिचा नियम साधा होता. दोन्ही फोटोंत ज्याची जागा बदलली ते माणूस, गुरं, गाडी, सोडून द्यायचं. जे जागचं हललं नाही, तो खडक. ओढ्याकाठच्या एका घरापुढे पांढरट गोल ठिपका होता, सकाळीही आणि दुपारीही. तिने लिहून टाकलं: सुटा धोंडा, ग्रॅनाइट.

मग तिचा हात थबकला. आजूबाजूला सगळा चुनखडक, मग ग्रॅनाइट टपकला कुठून? तिने मोठं भिंग लावलं. बाजूला विहीर होती, मागे पत्र्याची पडवी. तिचंच अंगण! आणि ती आईची पांढरी छत्री होती, बाबांच्या खुर्चीला बांधलेली. सकाळी एकीकडे कललेली, दुपारी दुसरीकडे. उन्हाप्रमाणे कुणीतरी ती वळवत होतं. अंगणात बाकी चिटपाखरू नव्हतं. कुठली रीघ नि कुठलं काय!

तिला रडूच कोसळलं. सख्ख्या बापाला तिने धोंडा ठरवलं होतं.

तिने तिथूनच फोन लावला. "बाबा, दिवसभर छत्रीखाली एकटेच बसून असता ना?"

"कुणी चुगली केली गं?"

"विमानातून दिसलात. फोटोत."

बाबा खो खो हसले.

"सकाळी एक गाडी येते, दुपारी एक," मग ते म्हणाले. "तिथून रस्ता दिसतो."

तिने फोटोवरचा धोंडा खोडून टाकला.

"उद्याही तिथंच बसा," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीने येतेय."