कपाटाची कडी

बाई मानसोपचार करत; त्यांचा धंदाच मुळी ऐकण्याचा. रुग्ण कोचावर आडवा आणि त्या त्याच्या डोक्यामागे खुर्चीत, म्हणजे त्याला त्यांचा चेहरा दिसायला नको. मधूनच एखादं वाक्य टाकायचं, बाकी मिठाची गुळणी धरून बसायचं. अशाच एका वाक्यानं त्यांनी मायलेकरांत फूट पाडली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

कोचावरचे मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. बंद खोलीत त्यांना धाप लागे. लहानपणचं एवढंच आठवे: कपाटातला अंधार, तोंडावर कापड, बाहेर आईची पावलं, आणि ती येत नाही. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "बाहेरून कडी आईनंच लावली असेल का?" बाईंनी प्रश्न विचारला, मास्तरांनी तो निकाल म्हणून घरी नेला. आईशी बोलणं टाकलं. धाप मात्र कमी झाली, आणि बाईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"काल आईकडे गेलो," मास्तर आज म्हणाले. "तोंडावर विचारलं, मला का कोंडलंस? रडली. म्हणाली, चुकलं रे माझं, माफ कर."

बाईंना हायसं वाटलं.

"मग तिला शाल हवी होती, म्हणून काढायला गेलो. तेच कपाट. बाई, त्याला दारच नाही. नुसता पडदा. आई म्हणाली, पहिल्यापासून."



"मी म्हटलं, मग माफी कसली मागितलीस? तर म्हणते, लपाछपीत तू तिथे लपायचास, मी मुद्दाम उशिरा शोधायचे. पण इतक्या दिवसांनी आलास. वाद घातला असता तर पुन्हा निघून गेला असतास." मास्तरांनी छताकडे बघत विचारलं, "मग ती कडी कुणाची?"

अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं. "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून चेंडू परत टोलवायचा असतो. ते वाक्य बाईंच्या जिभेवर आलंही. पण त्यांना मामाच्या घरातली, लहानपणी त्यांना कोंडायचे ती अडगळीची खोली आठवली, बाहेरून सरकणारी कडी आठवली, आणि स्वतःचीच चीड आली. दुसऱ्याचं बालपण उघडायला गेल्या आणि आपलंच सामान तिथे ठेवून आल्या.

त्यांनी खुर्ची उचलून मास्तरांसमोर आणून ठेवली. आजवर असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"माझी," त्या म्हणाल्या. "ती कडी माझ्या लहानपणातली. तुमच्या आईनं काहीच केलं नव्हतं."

मास्तर उठून बसले.

"पटतंय मला," ते म्हणाले. "पण ती लागल्याचा आवाज अजून ऐकू येतो, बाई. आणि हात आईचाच दिसतो. तो आता कसा पुसू?"