गफ्फारकाकांचं इमान

मी एक जुनं झाकण आहे. हसू नका मित्रांनो, खरंच सांगतोय! डब्याचं नाही, बरणीचंही नाही. मी विमानाच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण आहे. विमान अगदी छोटं, दोन माणसांचं. त्याच्या डाव्या पंखात टाकी आणि टाकीच्या तोंडावर मी. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता काय, देशोदेशी फिरायचं! पण आमचं विमान आलं ते थेट अमरावतीला. कशाला? तर पाऊस पाडायला!

त्या वर्षांत वऱ्हाडावर पाऊस रुसला होता. पेरलेलं बी मातीतच भाजून जायचं. लोक पुन्हा पेरायचे, तेही जायचं. मग कुणीतरी ठरवलं की विमानानं ढगात शिरायचं आणि मीठ फवारायचं, म्हणजे ढग पाझरतो. ढग असला तर ना पण! आम्ही दिवसभर ढग हुडकत फिरायचो. खाली तेल्हारा, खाली हिवरखेड, सगळं पिवळंफटक.

विमान चालवायचे धर्मेंद्रदादा. हिवरखेडचेच. त्यांची आई, जमुनाबाई, तिथं भाजी विकायची. गावावरून जाताना दादा पंख एकदा इकडे, एकदा तिकडे झुकवायचे, आणि खाली बाजारात आई वांगी सोडून हात हलवायची. मी पंखावरच होतो ना, मला सगळं दिसायचं!

आणि आमची देखभाल करायचे अब्दुल गफ्फारकाका. आधी तेल्हाऱ्यात शेतातले पंप दुरुस्त करायचे. आता लेकीसोबत, नईमासोबत, अमरावतीत राजापेठेत राहायचे. आता एक गंमत ऐका. वऱ्हाडात कितीतरी लोक विमानाला ‘इमान’ म्हणतात. आणि इमान म्हणजे सचोटीसुद्धा! त्यावरून दादा रोज काकांना छेडायचे. काका पंखावर चढून पेट्रोल भरायचे, मला गच्च पिळायचे, की खिडकीतून आवाज यायचा,

“काका, इमान?”

काका माझ्यावर थाप मारायचे. “सलामत!”

“कोनचं? तुमचं का माह्यं?”

“दोन्ही बी. चल निंग आता, ढग काय तुह्या मामाचा हाय का थांबाले?”

ती थाप म्हणजे माझं कौतुक. तेवढ्यावर मी दिवसभर उडायचो.

मग सौराष्ट्रातून बोलावणं आलं. तिकडेही पाऊस नव्हता. त्या सकाळी दादा एकटेच निघाले. वाटेत समुद्र लागला. मित्रांनो, मी समुद्र पहिल्यांदा पाहिला, आणि ढगही पाहिले! आख्खा हंगाम ज्यांना हुडकलं ते सगळे तिथं समुद्रावर येऊन बसले होते. काळेकुट्ट. आम्ही आत शिरलो आणि काही दिसेना. दादा रेडिओवर ओरडून सांगत होते, “डाव्या टाकीचा काटा खाली चाललाय. पेट्रोल गळतंय. किनारा बघायला ढगाखाली उतरतोय.”

गळतंय? कुठून? मी तर गच्च होतो! टाकीत पेट्रोल डुचमळत होतं, काटा खोटं बोलत होता! पण सांगणार कसं? झाकणाला तोंड नसतं, मित्रांनो. झाकणाचं कामच तोंड बंद करायचं. दादा खाली, आणखी खाली आले. ढग संपला तेव्हा पाणी समोरच होतं.

पंख तुटला आणि मला घेऊन तरंगू लागला. बाकीचं विमान दादांना घेऊन खाली गेलं. वरून पाऊस पडत होता. हिवरखेडला हवा होता तो पाऊस, सगळाच्या सगळा खाऱ्या पाण्यात. मी कान लावून होतो. वाटायचं, आता खालून हाक येईल, “काका, इमान?” लाट थाप मारायची, काकांसारखीच. मी दचकायचो.

इकडे काय झालं ते मला पुढे नईमाकडून कळलं. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बेबीताईंनी बातमी ऐकली आणि राजापेठेत ओरडल्या, “अवं नईमा, गफ्फारभाऊचं इमान बुडालं वं!” त्या बिचाऱ्या विमानाबद्दल बोलल्या. पण ऐकणाऱ्यानं दुसरंच ऐकलं. चौकापर्यंत जाता जाता त्याचं झालं, गफ्फारचं इमान बुडालं. म्हणजे त्यानंच काहीतरी केलं! वर रेडिओवरचं ते शेवटचं बोलणंही पसरलं. टाकी गळली, म्हणजे झाकण उघडं राहिलं. झाकण कोण लावतं?

जमुनाबाई हिवरखेडहून येऊन काकांच्या दारात उभ्या राहिल्या. “भाऊ, खरं सांगजा. झाकन लावलं होतं का?”

काका म्हणाले, “रोज लावतो, बाई. पन त्या दिवशीचं आठवत नाही.”

“अब्बा, लावलं म्हना ना!” नईमा रडकुंडीला आली.

“रोजचं काम कोनाले आठवते, बेटा? आठवत नाही तं लावलं कसं म्हनू?”

बाई तशाच हिवरखेडला परतल्या. लोकांना वाटलं, कबूलच केलं. त्यानंतर काका घरातली सगळी झाकणं पिळत सुटले. लोणच्याची बरणी, तेलाची बाटली, रॉकेलचा डबा. पुन्हा पुन्हा पिळायचे. नईमाला एकही उघडायचं नाही. घरात सगळं असून तिनं कोरडी भाकर खाल्ली.

शेवटी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पंख सापडला. चौकशीवाल्यांनी तो ओळख पटवायला अमरावतीच्या धावपट्टीवर आणला. मी मिठानं पांढरा झालो होतो. साहेबांनी पिळून पाहिलं, त्यांच्या माणसांनी पिळून पाहिलं. मी हलेना. मग काकांना पुढे केलं. जमुनाबाईही आल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

काकांनी मला मुठीत धरलं. त्यांनी डोळे मिटले, जोर लावला आणि मी फिरलो. भसकन वास सुटला. पेट्रोल! साहेबांनी आत काडी घातली, ओली निघाली.

“गळलं नाही,” साहेब हळूच म्हणाले. “काट्यानं फसवलं.”

जमुनाबाई पुढे आल्या, टाकीवर वाकल्या. “ह्याच वासाचे कपडे धुत होती मी त्याचे,” त्या म्हणाल्या. किती वेळ तशाच वाकून होत्या. मग काकांकडे वळल्या. “भाऊ, तुमचं इमान आलं. माह्यं पोरगं नाही आलं.”

काका तिथंच खाली बसले.

राजापेठेत बेबीताई पुन्हा ओरडल्या, “गफ्फारभाऊचं इमान सापडलं!” पण मित्रांनो, ही बातमी पहिलीसारखी धावली नाही. हातगाडीपासून चौकापर्यंत जायलाही तिला कितीतरी दिवस लागले.

चौकशी संपल्यावर मला काकांकडे दिलं. आता मी खिडकीत असतो. नईमा मला पुसते, खारट डाग काही जात नाहीत. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना जपा, आमच्या काट्यांनाही तपासत जा. आणि कुणाबद्दल ऐकलेला शब्द पुढे सोडण्याआधी आत काय आहे ते जरा उघडून बघत जा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

कधी राजापेठेवरून एखादं विमान जातं. काका हातातलं काम टाकून खिडकीशी येतात, वर बघतात. माझ्यावर हलकेच थाप मारतात.

“सलामत,” म्हणतात.

कुणी विचारलेलंच नसतं.