गुड्रूनच्या पायाखालची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. दीड हात लांब, वीतभर रुंद, ओकच्या लाकडाची. संगीतात हयात घालवलेल्यांच्या आठवणी व्हायोलिनने सांगाव्यात, बासरीने सांगाव्यात, असा प्रघात आहे. पण ती मंडळी दर मैफलीनंतर पेटीत झोपायला जातात. मी जमिनीवरच असते, त्यामुळे मला जास्त माहिती आहे.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या स्वेन्बोर्ग बंदरातला. होल्गर बोटी बांधायचा. त्याची मुलगी गुड्रून नऊ वर्षांची झाली आणि चेलो शिकू लागली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड थोरला भाऊ. त्याला गुडघ्यांत धरून, खुर्चीवर बसून वाजवतात. त्याच्या बुडाला एक टोकदार सळई असते, ती जमिनीत रुतते. महिन्याभरात गुड्रूनच्या आईने दिवाणखान्यात एकतीस भोके मोजली.

"होल्गर, ही जमीन आहे की चाळणी?"

"मग काय चेलो छताला टांगू?"

"आधी तुला टांगते!"

होल्गर निमूटपणे कारखान्यात गेला. एका बोटीचा उरलेला तुकडा त्याने रंध्याने तासला, त्याला खुर्चीच्या पायात अडकवायला चामड्याचा पट्टा लावला आणि सळईसाठी एक खळगा कोरला. ती मी. माझी भावंडे समुद्रावर गेली आणि मी संगीतात आले.

तुम्ही गाणे हवेतून ऐकता. मी ते सळईतून ऐकते. चेलोचा सगळ्यात खालचा जाड सूर लागला की माझ्या रेषारेषांत धुके उतरते. मला वाटते, मी बोटीतच आहे, किनाऱ्यावरचे दिवे हळूहळू मागे चालले आहेत आणि कुणालाच कुठे पोहोचायची घाई नाही.

गुड्रून मोठी झाली आणि मोठ्या शहरातल्या वाद्यवृंदात लागली. जागा मागून दुसऱ्या रांगेत. शेजारी येप्पे नावाचा चेलोवाला. दोघांत एकच स्वरलेखनाचे पुस्तक, त्यामुळे तीस वर्षे भांडण. पाठीमागे तीन ट्रॉम्बोन, म्हणजे लांबलचक पितळी कर्णे. ट्रॉम्बोनवाल्यांच्या मनात कुणाबद्दल काही वाईट नसते. पण ते वाजवतात.

एकदा वर्तमानपत्रात छापून आले की चेलोंची बाजू भक्कम होती. ते माझ्याबद्दल आहे, हे मी कुणाला सांगत बसले नाही.

मग रबराच्या काळ्या चकत्या निघाल्या. सळईखाली ठेवली की घसरत नाही, आणि खिशात मावते. नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी सहकाऱ्यांनी गुड्रूनला तीच भेट दिली. त्यानंतर पाच वर्षे मी स्वयंपाकघरात हेरिंग माशांच्या बरण्यांखाली काढली. त्या काळाविषयी मी बोलत नाही.

एके दिवशी चहाची किटली शिट्टी मारून मारून कोरडी झाली. गुड्रून शेजारीच उभी होती. डॉक्टर म्हणाले, कान गेले, आणि उरलेसुरलेही जातील. निवृत्तीला अकरा महिने होते. वाद्यवृंदात कळले असते तर तिला घरी बसवले असते. आणि घरी बसून वाजवायला तिला आवडत नसे. तिला तो साठ-सत्तर माणसांचा एकत्र श्वास हवा असे.

तिने चकतीवर सळई टेकवून सूर लावला. चकती गप्प. मग तिने बरण्या उचलल्या, मला काढले, डावा बूट काढला आणि तळवा माझ्यावर ठेवला. सूर सळईतून माझ्यात आला, माझ्यातून तिच्या पायात चढला. "हां," ती म्हणाली. एवढेच.

मी कामावर परत आले.

"गुड्रून, बूट कुठे गेला तुझा?" येप्पेने विचारले.

"टोचतो," त्याच्या ओठांकडे बघत ती म्हणाली.

"महिनाभर टोचतोय? मोजा तरी न फाटलेला घाल, बाई!"

तिने पाठ फिरवून गजाला राळ लावायला घेतली. तो हळूच म्हणाला, "तुला ऐकू येत नाही ना गं?"

ती राळ लावत राहिली. त्याने पुन्हा विचारले नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या बुटाची टाच माझ्या कडेवर आली आणि मात्रा मोजू लागली. एका तालमीत वाद्यवृंदाच्या संचालकांनी वाजवणे थांबवले. "मागे कोण पाय आपटतंय?"

"मी, मास्तर. संधिवात आहे," येप्पे म्हणाला.

"तालात आहे. चालू द्या."

शेवटची मैफल मे महिन्यात झाली. अखेरीस चेलोंचा एकच लांब, खालचा सूर होता, तो बारीक करत करत नाहीसा करायचा. जरा जास्त दाब पडला असता, तर सगळ्या सभागृहाला तिचा एकटीचा चेलो ऐकू आला असता. तिने डोळे मिटले आणि सगळा भार तळव्यावर टाकला. सूर धाग्याएवढा झाला, मग केसाएवढा. मग माझ्यात नुसते धुके उरले, तेव्हा तिने गज उचलला. सगळ्यांबरोबर.

लोक टाळ्या वाजवू लागले. तिला नुसते हात दिसत होते, जणू अख्खे गाव मुकाट्याने भाकऱ्या थापत होते. तिने मान खाली घातली आणि बूट शोधू लागली.

वादकांचे हात वाद्यांत अडकलेले असतात. आपल्यातल्या कुणाला मानवंदना द्यायची, तर ते जमिनीवर पाय घासतात, आपटतात. आधी येप्पेची टाच वाजली. मग चेलो, मग व्हायोलिन. आणि ट्रॉम्बोनवाले तर असे आपटत होते की जणू माफीच मागत होते. रंगमंच लाकडाचा. ते सगळे पाय माझ्याकडे आले आणि मी ते तिच्या तळव्यात पोहोचवले.

ती दचकली. मग येप्पेकडे बघून मोठ्याने म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं?"

येप्पेने होकारार्थी मान हलवली. शेवटचा पाय थांबेपर्यंत तिने बूट घातला नाही.

मित्रांनो, आता आम्ही दोघी घरीच असतो. रविवारी येप्पे चेलो घेऊन येतो, भांडण चालू आहे. माझे एकच मागणे आहे. ओकच्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाचे तेल लावावे लागते, आणि यंदा ती विसरली आहे. इकडून कुणी गेलात, तर तिला आठवण करून द्या. हाका मारू नका, दार वाजवू नका. सरळ आत या, तिच्याजवळ जा आणि जमिनीवर दोनदा पाय आपटा. ती लगेच वळून बघेल.