एवाल्डचा डावा बूट

मी एवाल्ड कोपेत्स्कीचा डावा बूट बोलतोय. उजव्याचं कौतुक मला सांगू नका. तो नुसता टेकू, गोल मीच मारले!

आमचं गाव जर्मनीतल्या रूरच्या कोळसापट्ट्यातलं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा चामडं मिळेना, म्हणून चांभाराने लष्करी बुटांतून मला शिवलं. एवाल्ड आठवडाभर खाणीत कोळसा फोडायचा आणि रविवारी मला घालून फुटबॉलच्या मैदानावर समोरच्यांची दाणादाण उडवायचा. त्याची बायको हेडविग मला चरबी चोळताना करवादायची, "नवऱ्यापेक्षा तुझेच लाड जास्त, मेल्या!"

पंचावन्न साली त्याचा गुडघा गेला. क्लबचे अध्यक्ष फुलं घेऊन घरी आले.

"एवाल्ड, आता बूट खिळ्याला टांग." खेळ सोडण्याला आमच्याकडे असंच म्हणतात.

"टांगतो की, साहेब," एवाल्ड म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा दोघांना खाणीच्या न्हाणीघरात नेलं. तिथे छतावरून प्रत्येकाची एक आकडेवाली साखळी सोडलेली असते. कपडे आकड्याला अडकवायचे, छतापर्यंत ओढायचे आणि कुलूप घालायचं. आम्हीही ओल्या विजारींशेजारी लोंबकळलो.

"टांगलेस ना शेवटी?" खाणीतला जोडीदार अल्फोन्सने एवाल्डला खिजवलं.

"इथं टांगलेलं कधी कायमचं राहिलंय का रे? कामाची पाळी आली की उतरवायचंच!"

गुडघा बळकट व्हावा म्हणून हिवाळाभर एवाल्ड लंगडत पायऱ्या चढत-उतरत राहिला. लोक हसायचे. वसंतात साखळी खडखडत खाली आली आणि गुडघ्याला पट्टा बांधून तो मैदानावर हजर झाला.

अध्यक्ष ओरडले, "अरे, तू तर बूट टांगले होतेस!"

"कामाची पाळी सुरू झाली, साहेब. उतरवले."

त्या दिवशी आम्ही सपाटून हरलो. पण आमचा एकमेव गोल माझा होता. पुढे तो आणखी चार वर्षं खेळला. मग एका रविवारी सामना संपल्यावर मैदानातच खाली बसला, माझी नाडी सोडली आणि म्हणाला, "बास. आता मी म्हणतोय."

हल्ली मी त्याच्या कबुतरखान्यात असतो. क्लबवाल्यांना मी काचेच्या कपाटात हवाय, तोही पॉलिश करून. ही विनंती नाही, ताकीद समजा: मला हात लावाल तर खबरदार! माझ्यात कबुतरीने अंडी घातलीत. मी कामावर आहे.