जखमेवर बसलेली कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे, खालच्या जबड्याची. माझी हकीकत मिरवण्यासारखी नाही, पण ती लपवून ठेवणे अधिक वाईट, म्हणून सांगते.

माझी मालकीण बस स्थानकावर उद्घोषणा करत असे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा सुटणार, हे सव्वीस वर्षे लोकांनी तिच्याच तोंडून ऐकले. मग तिच्या जिभेखाली कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आधी खालचे दात काढले आणि नंतर सहा आठवडे जबड्यावर किरणोपचार केले. रोग हटला. वर्षभराने दंतवैद्याने तिचे माप घेऊन मला घडवले.

मला बसवताना त्याने बजावले, "किरण घेतलेला जबडा आहे, बाई. तिथे रक्त पूर्वीसारखं पोचत नाही. जरा जरी टोचलं तरी कवळी काढून ठेवायची आणि सरळ माझ्याकडे यायचं."

"बरं," ती म्हणाली. पण तिचे लक्ष आरशात होते.

ती कामावर परतली तेव्हा चालक-वाहक खिडकीशी जमले. "बाई, स्टँड मुका झाला होता," एक जण म्हणाला. त्या दिवशी तिने प्रत्येक गावाचे नाव घोळवून घोळवून उच्चारले. मीही फुशारून गेले.

सहाव्या महिन्यात माझी डावी कड टोचू लागली. किरणोपचाराने तिची लाळ आटली होती. त्या कोरड्या हिरडीवर मी शब्दागणिक घासत होते. हिरडी लाल झाली, मग पांढरट, मग तिथे तांदळाएवढी फट पडली. अशी जखम एरवी चार दिवसांत भरते. ही भरेना. बाई माझ्याखाली कापसाचा बोळा दडपी, दुखण्याची गोळी घेई आणि माइक पुढे ओढी. "होईल बरी," असे ती स्वतःलाच म्हणे.

एका सकाळी माझ्या कडेला मऊ हिरडी लागलीच नाही. काहीतरी टणक लागले. ते तिच्या जबड्याचे हाड होते, मित्रांनो. हे फक्त मला कळले होते, आणि मला दात होते, पण जीभ नव्हती.

तिची धाकटी बहीण तिच्यासोबत राहत असे. एकदा जेवताना तिने घास खाली ठेवला. "ताई, तोंडाला वास कसला येतोय?"

"पोट बिघडलंय."

"पोटाचा वास नाही हा. कवळी काढ, मला बघू दे."

"जेव ना मुकाट्याने."

बहिणीने खिडकीचा पडदा सारला आणि हनुवटी धरून तिचे तोंड उजेडाकडे वळवले. माझ्या डाव्या कडेशी तिला काहीतरी पांढरे, टणक दिसले. जेवण तसेच टाकून दोघी दंतवैद्याकडे गेल्या.

त्याने मला बाहेर काढून कागदावर ठेवले. "किती दिवस झाले?"

"आठ-दहा."

त्याने दिवा तिच्या तोंडाजवळ ओढला. "दोन महिने," बाई हळूच म्हणाली. "कवळीशिवाय माइकवर कशी बसणार होते मी?"

"हाड उघडं पडलंय. किरणांच्या जागी जखम भरायला महिने लागतात. कधी भरतच नाही. मग तेवढा जबडा कापावा लागतो." आपला दवाखाना यापुढे पुरा पडणार नाही, असे सांगून त्याने मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहिली.

तेव्हापासून मी डबीत आहे. बाई मिठाच्या पाण्याने चुळा भरते, सगळे मऊ आणि पातळ करून खाते, दर पंधरा दिवसांनी तपासायला जाते. पाचव्या महिन्यात नखाएवढा हाडाचा तुकडा सुटून आला. डॉक्टरांनी तो निरखून पाहिला, पण बरे चिन्ह की वाईट, ते सांगितले नाही. बाई मात्र पुन्हा माइकवर बसते, बोळक्या तोंडाने. लोक हसतात. ती दुसऱ्यांदा, अधिक सावकाश सांगते, आणि लोक योग्य गाडीत चढतात.

मला डबीत जाऊन आज चौदा महिने झाले. फट तिळाएवढी उरली आहे, पण मिटलेली नाही. काल बाईने मला धुतले आणि ओठांपर्यंत नेले. माझी कड तीच होती, तशीच. तिचा हात थांबला. तिने मला पुन्हा डबीत ठेवले आणि झाकण घट्ट लावले.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. घरात कोणी किरणोपचार घेतले असतील, तर "दुखतंय का?" एवढे विचारून थांबू नका. माणसे "नाही" म्हणतात. उजेडात नेऊन पाहा. आणि माझ्यासारखी एखादी टोचताना आढळली, तर ती कितीही कामाची असो, तिला तिच्या डबीत राहू द्या. मलाही राहू द्या.